वेब-साक्षरता (शालेय शिक्षण)

इंटरनेटवर हवी ती माहिती शोधणे, ती कोणी व कशासाठी मांडली हे ओळखणे, तिची पडताळणी करणे आणि स्वतः काही लिहिताना जबाबदारी पाळणे, ही कौशल्ये शाळेतल्या मुलांना पद्धतशीर शिकवण्याला शालेय वेब-साक्षरता म्हणतात. संगणक चालवता येणे ही तिची पहिली पायरी. मात्र ही पायरी चढली की बाकीचे आपोआप येते, हा समज चुकीचा आहे. आजीच्या मोबाइलमध्ये यूपीआय सुरू करून देणारा आठवीतला मुलगा त्याच मोबाइलवर आलेला अर्धवट कापलेला व्हिडिओ खरा मानून वर्गाच्या ग्रुपवर टाकतो.

भारतात या विषयातले सर्वांत सलग काम केरळच्या सरकारी व अनुदानित शाळांत दिसते. अवकाशशास्त्रज्ञ यू. आर. राव यांच्या समितीच्या शिफारशींनंतर 2001 मध्ये तिथे ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प उभा राहिला. बाहेरची संगणक कंपनी बोलावून वर्ग चालवण्याऐवजी शाळांतल्याच शिक्षकांना प्रशिक्षक म्हणून तयार केले गेले. गणित, भाषा, विज्ञान शिकवणारेच संगणकाच्या खोलीतही उभे राहिले. पुढे सगळी यंत्रणा मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे कोणालाही वापरता व बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर नेली गेली, आणि 2017 मध्ये प्रकल्पाचे रूपांतर ‘काइट’ या सरकारी कंपनीत झाले. माध्यमिक शाळांतल्या मुलांचे ‘लिटल काइट्स’ हे माहिती-तंत्रज्ञानाचे गट 2018 पासून सुरू आहेत.

या कामातला सर्वांत मोलाचा भाग बाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. तो म्हणजे ‘स्कूलविकी’. विकिपीडियाच्या धर्तीवर चालणाऱ्या या मल्याळम संकेतस्थळावर राज्यातल्या 15,000 हून अधिक शाळांची पाने आहेत. मुले आणि शिक्षक तिथे शाळेचा इतिहास, गावाची माहिती, परिसरातल्या लोककला यांवर लिहितात. गावातल्या जुन्या देवळाबद्दल दोन ओळी लिहायच्या तर साल कुठून आणायचे, कोणाला विचारायचे, दोन म्हाताऱ्यांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर काय करायचे, हे प्रश्न लिहिणाऱ्यापुढे लगेच उभे राहतात. विकीच्या पानाचा ‘इतिहास’ उघडला की कोणी, केव्हा, काय बदलले तेही दिसते. वेबवरचा मजकूर माणसेच लिहितात आणि माणसे चुकतात, हे मुलांना सांगावे लागत नाही, ते हाताखालूनच जाते. वेब-साक्षरतेचा इतका नेमका पाठ दुसरा नसेल.

पडताळणीकडे लक्ष वळले ते अफवांमुळे. गोवर-रुबेला लसीविरुद्धचे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत राहिले आणि कण्णूर जिल्ह्यात अनेक पालकांनी लस नाकारली. त्यानंतर जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी 2018 मध्ये ‘सत्यमेव जयते’ हा उपक्रम जिल्ह्यातल्या सुमारे 150 सरकारी शाळांत सुरू केला. खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात, आपल्याला आवडेल तेच आपल्यापुढे का येत राहते, पाठवण्याआधी काय तपासावे, अशा गोष्टी साधारण 40 मिनिटांच्या तासात उदाहरणांनी शिकवल्या जात. त्याच वर्षी कोझिकोडमध्ये निपाहची साथ आली, ऑगस्टमध्ये महापूर आला, आणि मुल्लपेरियार धरण फुटत असल्याची खोटी ध्वनिफीतही पसरली. उदाहरणे शोधायला शिक्षकांना लांब जावे लागले नाही. 2022 मध्ये काइटने याच नावाने पाचवी ते दहावीच्या सुमारे 20 लाख विद्यार्थ्यांना प्रशिक्षण दिले.

वर्गात नेमके काय करायचे, हे 2018 मध्येच देशभर फिरलेल्या एका व्हिडिओवरून दाखवता येते. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच त्यात दिसत होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा मजकूर त्याला जोडलेला असे. प्रत्यक्षात ती कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फीत होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि फलक दाखवतात. तेवढाच शेवट कापला होता. असा व्हिडिओ कितीही वेळा निरखून पाहिला तरी खोटेपणा सापडत नाही, कारण दिसते ते घडलेलेच असते. त्यातले एक चित्र घेऊन शोधयंत्रात टाकले, हीच दृश्ये आधी कुठे व कोणत्या तारखेला आली होती हे पाहिले, की उलगडा होतो.

म्हणजे तपासायच्या पानावर रेंगाळण्यापेक्षा ते सोडून बाजूला दुसरी पाने उघडायची आणि त्या मजकुराबद्दल इतर काय म्हणतात ते आधी पाहायचे. याला ‘आडवे वाचन’ म्हणता येईल. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांनी 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्य-पडताळणीकार आणि 25 विद्यार्थी यांना संकेतस्थळे तपासायला दिली होती. पानाची देखणी मांडणी, भारदस्त नाव, बोधचिन्ह यांना इतिहासकार आणि विद्यार्थी दोघेही फसत होते. पडताळणीकार मात्र चटकन त्या पानाबाहेर पडत आणि कमी वेळात बरोबर निष्कर्षाला पोहोचत. एरवी नीट, बारकाईने वाचा असे शिकवणाऱ्या शाळेला हे पचायला जड जाते, पण वेबवर ते शिकवावेच लागते.

महाराष्ट्राने अफवेची किंमत फार मोठी मोजली आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे 1 जुलै 2018 रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्या सुमारास लागू झालेल्या राज्य मंडळाच्या पुस्तकांत नववीच्या विज्ञानात माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाचे प्रकरण आहे, त्याचा भर संगणकाचे भाग आणि कार्यालयीन सॉफ्टवेअर यांवर आहे. दहावीच्या ‘सामाजिक आरोग्य’ या पाठात सायबर गुन्हे आणि मोबाइलचे व्यसन येते. दोन्ही गरजेचे आहे, पण हातात आलेला संदेश कसा तपासावा हा सराव त्यात बसत नाही. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापणारे राज्य यापुढचे पाऊल सहज टाकू शकते.

एखाद्या व्याख्यानाने हे काम होते का, याचे उत्तर बिहारमधून मिळाले आहे. राज्यशास्त्राच्या संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी तिथल्या प्रौढांना घरी जाऊन सुमारे तासाभराचे प्रशिक्षण दिले, तेव्हा एकंदरीत फरक पडला नाही. नंतर त्यांनी व सहकाऱ्यांनी गावांतल्या ग्रंथालयांत किशोरवयीन मुलांचे वर्ग 14 आठवडे चालवले. 13 ते 18 वयोगटातली 13,500 हून अधिक मुले या अभ्यासात होती. आरोग्याविषयीचे खरे-खोटे ओळखण्यात वर्गातली मुले स्पष्टपणे पुढे गेली आणि चार महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता. वर्गात कधीच न बसलेल्या त्यांच्या पालकांतही सुधारणा आढळली.