१८९६चा प्लेग : उंदीर, पिसू आणि माणसांवर काढलेली मोहीम

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एक रुग्ण तपासला आणि त्याचा ताप व अंगावरची गाठ पाहून हा प्लेग असल्याचे सांगितले. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर तेव्हा महापालिकेचे सदस्यही होते. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये मोठी साथ आली होती आणि तिथेच अलेक्झांडर येर्सिन यांनी या रोगाचा जिवाणू शोधला होता. मांडवी बंदराला लागून असलेला भाग. तळमजल्यावर धान्याची कोठारे, वर खोल्याखोल्यांत दाटीने राहणारी कुटुंबे. जहाजातून उतरलेल्या उंदराला याहून सोयीची जागा मिळाली नसती. माणसे आजारी पडण्याआधी तिथे उंदीर मरून पडत होते.

रोगाचा जिवाणू सापडला होता, तो माणसापर्यंत पोचतो कसा हे ठरलेले नव्हते. प्लेगचा पुढचा सगळा सामाजिक इतिहास या एका अज्ञानातून घडला. रोग घाणीत, ओलसर जमिनीत, कोंदट हवेत आणि रोग्याच्या कपड्यांत राहतो, असे अधिकारी धरून चालले. त्यामुळे गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडले गेले. घरांच्या भिंतींना चुना फासला, जमिनीवर रसकापराचे (पाऱ्याच्या एका जंतुनाशक क्षाराचे) पाणी शिंपडले, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले उतरवली, अंथरुणे जाळली. गटारे धुतली की त्यांतले उंदीर पळून शेजारच्या आळीत शिरत. ज्या उपायाने साथ आटोक्यात यायची, त्यानेच तिचे बस्तान पुढे सरकत असे.

रोग पसरण्याची खरी साखळी अशी : जिवाणू उंदराच्या रक्तात वाढतो आणि उंदरावरची पिसू ते रक्त पिते. तिच्या जठराच्या तोंडाशी जिवाणूंचा गोळा जमून वाट बंद होते. रक्त पोटात जात नाही, म्हणून भुकेली पिसू पुन्हापुन्हा चावते आणि दर चाव्याबरोबर जिवाणू बाहेर टाकते. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि पिसवा ते सोडून नवे यजमान शोधतात. जवळ उंदीर उरले नसले की माणूस सापडतो. चावल्यावर साधारण २ ते ६ दिवसांत ताप येतो आणि जांघेत, काखेत किंवा मानेला गाठ येते. गाठीचा प्लेग रोग्याच्या नुसत्या स्पर्शाने सहसा होत नाही. फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्यातून थेट पसरतो, पण मुंबई-पुण्याच्या साथीत तो कमी होता.

सरकारची घाई केवळ लोकांच्या जिवासाठी नव्हती. भारतातला माल आणि प्रवासी आपल्या बंदरांत घेऊ नयेत, असा सूर युरोपात निघाला होता. १८९७मध्ये व्हेनिसला त्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्या वर्षी इथून हज यात्रेला जाण्यावर बंदी आली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. तो जेमतेम चार कलमांचा होता. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होई, आणि कायद्याखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येत नसे. घरात शिरणे, रोगी उचलून नेणे, धडधाकट नातेवाइकांना वेगळ्या छावणीत ठेवणे, रेल्वेचे प्रवासी उतरवून तपासणे, हे सगळे कायदेशीर झाले.

मुंबईची वस्ती १८९१च्या जनगणनेत ८ लाख २१ हजारांच्या वर होती. १८९७च्या सुरुवातीपर्यंत तिच्यातली लाखो माणसे कोकणात, देशावर, गुजरातेत निघून गेली. गिरण्यांना हात मिळेनात. महिनाअखेरीला पगार देणारे मालक रोजच्या रोज पैसे मोजू लागले, आणि नाक्यावर मजुरांसाठी बोली लागण्यापर्यंत वेळ आली. कामगाराला आपल्या श्रमाचा भाव स्वतः ठरवता आला, असे हे दुर्मीळ दिवस होते. दवाखान्याची धास्ती मात्र तितकीच मोठी होती. ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. मार्च १८९८मध्ये मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत एका रुग्णाच्या तपासणीवरून दंगल उसळली. नोंद केली की माणूस उचलून नेतात, या भीतीने लोक आजार लपवत आणि मयत झाली तरी गुपचूप उरकत. मग साथ कुठे आहे हे सरकारलाही कळेनासे झाले.

पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँडच्या प्लेग समितीने मार्च १८९७पासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर पाठवल्या. माजघरात, देवघरात बुटांनिशी शिरणे, कोठीघरे उचकणे, सामान रस्त्यावर आणून जाळणे, बायकांना उघड्यावर उभे करून गाठी तपासणे, याने गावाचा संताप टोकाला गेला. शोध मे महिन्यात थांबला, कारण साथ ओसरली होती. याचे श्रेय मोहिमेला देणे चूक आहे. २० ते २५ अंशांच्या दमट हवेत पिसू फोफावते आणि कोरड्या, कडक उन्हाळ्यात तगत नाही. दख्खनेत एप्रिल-मेमध्ये प्लेग आपसूक उतरतो. पावसाळ्यानंतर तो पुण्यात परतलाच. त्याआधी, २२ जून १८९७च्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लष्करी अधिकारी लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. साथ चालू असताना टिळक पुणे सोडून गेले नव्हते आणि हिंदूंसाठी वेगळे रुग्णालय काढण्यात त्यांचा पुढाकार होता, हेही त्याच वेळचे आहे.

याच साथीत सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरजवळ दवाखाना काढला होता. सावित्रीबाई तिथे रोगी आणत, आणि मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः उचलून आणल्यावर त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांच्या वस्त्यांकडे गावाने पाठ फिरवली होती, त्या माणसांची शुश्रूषा त्यांनी केली. या साथीची आठवण रँडच्या वधापाशी संपते, याचे म्हणूनच वाईट वाटते.

खेड्यापाड्यांत लोकांनी स्वतःचा उपाय शोधला होता. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि माळावर, मळ्यात झोपड्या घालून राहायचे. शास्त्राच्या कसोटीला हा उपाय पुरेपूर उतरतो, कारण उंदीर मरू लागल्यापासून माणसे पडू लागेपर्यंत साधारण दोन आठवडे मिळतात. फसायचे ते दोन ठिकाणी : धान्याची पोती आणि गोधड्या झोपडीत नेल्या की त्यांतून उंदीर-पिसवा सोबत जात, आणि चोरीच्या भीतीने एखादा माणूस बंद घरात राखणीला झोपला की तोच आधी आजारी पडे.

प्लेगवरच्या लशीचे काम जिवाणुशास्त्रज्ञ व्लाडिमिर हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत सुरू केले. मांसाच्या रश्शावर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब सोडायचे. त्याखाली जिवाणूंच्या लोंबत्या जटा वाढत. त्या हलवून तळाशी पाडायच्या, नवी वाढ होऊ द्यायची, आणि काही आठवड्यांनी सगळे तापवून जिवाणू मारायचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी लस स्वतःला टोचून घेतली आणि पुढे भायखळा तुरुंगातल्या कैद्यांवर ती पडताळली. लशीने लागण आणि मृत्यू दोन्ही घटत, पण संरक्षण पुरते नव्हते आणि काही महिनेच टिके. टोचल्यावर ताप येई, दंड सुजे, एक-दोन दिवसांची मजुरी बुडे. हातावर पोट असणाऱ्याने टोचणीला नकार देण्यामागे अफवांइतकेच हेही कारण होते. १९०२मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एका बाटलीतल्या लशीने १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि दूर व्हायला काही वर्षे लागली. प्रत्यक्षात बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला होता.

पिसूचा संबंध फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत दाखवला, पण फारसे कोणी मानले नाही. १९०५पासून प्लेग संशोधन आयोगाने परळला मुद्दाम खोल्या बांधून प्रयोग केले. बाधित पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगांचे पिंजरे टांगले. जमिनीपासून २ इंचांवरच्या पिंजऱ्यातल्या प्राण्याला प्लेग झाला, २ फुटांवरचा वाचला. खोलीतली हवा दोघांना एकच होती. फरक होता तो पिसूच्या उडीचा.

तोवर शहर मोडायला घेतले होते. १८९८मध्ये मुंबई सुधारणा न्यास, म्हणजे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या वसाहती आणि बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळी ही त्याची कामे. रस्ते रुंद झाले, पण पाडलेल्या घरांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेली घरे फार कमी होती. उठवलेली कुटुंबे शेजारच्या चाळींत कोंबली गेली, आणि तिथली दाटी वाढली.

१९१८पर्यंत भारतात प्लेगने सुमारे १ कोटी माणसे नेली. पंजाबला सर्वांत मोठा फटका बसला. पुढे तो ओसरला, संपला नाही. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोक भीतीने घराबाहेर राहू लागले. धान्य मात्र रिकाम्या घरांत होते. उंदीर वाढले, मग मरून पडू लागले, पिसवांचा त्रास सुरू झाला, आणि ऑगस्ट १९९४मध्ये गाठीचे रुग्ण निघाले. आता स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे आहेत आणि वेळेत दिली तर रोगी बरा होतो. पेनिसिलिनचा इथे उपयोग नाही. साथीच्या गावात आधी बिळांवर आणि घरात कीटकनाशक भुकटी मारायची, पिसवा मेल्याची खात्री करायची, आणि त्यानंतरच उंदीर मारायला घ्यायचे. क्रम उलटला तर मेलेल्या उंदरांवरच्या पिसवा माणसांवर येतात.