आशांना पगार का नाही? मागची गोष्ट

आशा स्वयंसेविकांचा संप म्हटला की बातमी आकड्यांवर येऊन थांबते: किती मागितले, किती पदरात पडले. दारोदार फिरून आरोग्याचे काम करणाऱ्या या बाईला महिन्याचा पगारच का नाही, याचे उत्तर आशा आल्या त्या २००५च्याही बरेच मागे सापडते.

१९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केले. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात राहीनात, म्हणून त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. या बाया दर आठवड्याला जामखेडला मुक्कामी येत. गावात कुठे अडले ते सांगत, नवे शिकत आणि परत जात. केस हाताबाहेर गेली तर पाठीशी दवाखाना होता. पैसा बेताचा, तरी त्या वर्षानुवर्षे टिकल्या. ज्या गावात कोणी विचारत नव्हते तिथे आता बाळंतपणाला त्यांनाच बोलावणे येई. आरोळे दांपत्याला १९७९मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण सरकारने जामखेडकडून अर्धेच उचलले, असे माझे मत आहे. गावची बाई थोडक्या पैशात काम करते एवढे नजरेत भरले; दर आठवड्याचा तो आधार मात्र कागदावर उतरलाच नाही.

तोवर २ ऑक्टोबर १९७७ला जनता सरकारने देशपातळीवर आरोग्यरक्षकांची योजना आणली होती. मानधन महिना ५० रुपये. निवड झाली ती बहुतेक पुरुषांची, आणि गावपुढाऱ्यांची मर्जी त्यात चाललीच. पुढे या मंडळींनी संघटना बांधून नोकरीत कायम करा अशी मागणी लावून धरली, प्रकरणे कोर्टापर्यंत गेली आणि योजना हळूहळू विझली. ठरलेले मानधन दिले की पाठोपाठ नोकरीवर हक्क सांगितला जातो, हा धडा दिल्लीने त्यातून घेतला असावा.

मधल्या काळात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी प्रशिक्षित केलेल्या आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू झपाट्याने खाली आणले. १९९९मध्ये ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. छत्तीसगडमध्ये २००२ला मितानिन, म्हणजे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविका, आल्या. १२ एप्रिल २००५ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि हजार लोकवस्तीमागे एक आशा आली. पगार नाही, ठरीव मानधनही नाही. जेवढे काम, तेवढा मोबदला.

हा हिशेब कसा चालतो ते एका कामावरून बघा. २०११पासून नवजात बाळाच्या घरभेटी आशांकडे आल्या. दवाखान्यातले बाळंतपण असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे. हात धुवायचे, बाळाचे वजन करायचे, ताप बघायचा, बाळ नीट दूध ओढते का ते पाहायचे, फॉर्म भरायचा. सगळ्या भेटी मिळून २५० रुपये, म्हणजे भेटीला बेचाळीसही नाहीत. मोबदला भेटींचा, बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जागून काढलेल्या रात्रीला वेगळा दर नाही.

कोविडने हे सगळे उघड्यावर आणले. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरणाऱ्यांत याच बाया होत्या. जून २०२१मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला. गंमत अशी की निव्वळ किंवा मुख्यतः कामागणिक मोबदल्यावर अशा कर्मचाऱ्यांना ठेवू नये, असे याच संघटनेने २०१८लाच सांगून ठेवले होते.

ऑक्टोबर २०२३मध्ये महाराष्ट्रात पुन्हा संप झाला. वाढ जाहीर झाली, पण शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४मध्ये परत काम बंद आणि मग आझाद मैदान. मार्चमध्ये राज्याकडून मिळणाऱ्या मोबदल्यात महिना ५,००० रुपयांची वाढ मंजूर झाली. केंद्रानेही नियमित कामांचा महिन्याचा मोबदला २०२५मध्ये २,००० वरून ३,५०० रुपये केला. आशांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, ही २०१३च्या भारतीय श्रम परिषदेची शिफारस मात्र तशीच पडून आहे, आणि आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकही मोर्च्यात त्यांच्याच शेजारी उभ्या असतात.