चेहऱ्यांची निवड आणि प्रकाशाचे गणित

चार्ल्स डिकन्स यांची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ ही कादंबरी १८४९-५० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. अर्मांडो इयानुची यांनी २०१९ मध्ये तिच्यावर केलेल्या चित्रपटात डेव्हिडची भूमिका भारतीय वंशाच्या देव पटेल यांनी केली, तर गोऱ्या स्टीअरफोर्थच्या आईच्या भूमिकेत कृष्णवर्णीय निकी अमुका-बर्ड दिसल्या. अशा पात्रनिवडीवर पुष्कळ वाद झाले आहेत आणि माझ्या मते ही निवड योग्यच आहे. परंतु प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली चित्रपट-शिक्षणाची संस्था उभी राहिली, त्या पुण्यात तरी या विषयाची दुसरी बाजू, म्हणजे प्रकाशाचे भौतिकशास्त्र, अधिक बोलली जायला हवी. कारण भूमिका मिळूनही चेहरा पडद्यावर नीट उमटला नाही, तर ते प्रतिनिधित्व अर्धेच राहते.

त्वचेवर पडणाऱ्या प्रकाशाचा साधारण ४ ते ५ टक्के भाग पृष्ठभागावरूनच परततो आणि हे प्रमाण गोऱ्या व काळ्या त्वचेत जवळजवळ सारखे असते. उरलेला प्रकाश आत शिरून विखुरतो आणि त्यातला किती बाहेर येणार, हे मुख्यतः मेलॅनिन हे रंगद्रव्य ठरवते. छायालेखनात मोजमापाचा आधार म्हणून १८ टक्के परावर्तनाचा मध्यम राखाडी रंग धरतात. गोरी त्वचा ढोबळमानाने त्याच्या दुप्पट प्रकाश परतवते, तर गडद काळी त्वचा त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी. म्हणजे एकाच दिव्याखाली शेजारी बसलेल्या मायलेकरांच्या चेहऱ्यांत चौपट, अर्थात दोन स्टॉपचे अंतर पडू शकते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे). गोऱ्या चेहऱ्याच्या हिशोबाने ॲपर्चर, म्हणजे भिंगातून प्रकाश आत घेणारे छिद्र, ठरवले, की दुसऱ्या चेहऱ्यावरचे डोळ्यांभोवतीचे आणि ओठांजवळचे बारकावे सावलीत बुडतात. अभिनय तर तिथेच घडत असतो.

फिल्मच्या काळात ही अडचण आणखी बिकट होती. प्रयोगशाळांमध्ये रंग जुळवण्यासाठी कोडॅक जी ‘शर्ली कार्डे’ पाठवत असे, त्यांवर कित्येक वर्षे गोऱ्या स्त्रीचेच छायाचित्र असे. गडद तपकिरी छटा नीट उमटाव्यात म्हणून फिल्म सुधारण्याचा आग्रह धरणाऱ्यांत लाकडी फर्निचर आणि चॉकलेट यांचे उत्पादक होते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आजचे डिजिटल सेन्सर तेरा-चौदा स्टॉपपर्यंतचा उजेड-अंधार टिपू शकतात, त्यामुळे सबबी कमी झाल्या आहेत. काळ्या त्वचेत आतून परतणारा प्रकाश थोडा असल्यामुळे पृष्ठभागावरच्या चकाकीचा वाटा मोठा ठरतो आणि चेहऱ्याची ठेवण तीच दाखवते. म्हणून जाणकार छायालेखक तिथे दिव्याची नुसती तीव्रता वाढवत नाहीत; मोठा, मऊ प्रकाशस्रोत बाजूला ठेवून त्याचे प्रतिबिंब गालावर आणि कपाळावर पाडतात, प्रसंगी त्वचेला किंचित तुकतुकी यावी म्हणून मॉइश्चरायझरही लावतात. आपल्याकडे मात्र कादंबरीतल्या सावळ्या, उन्हात राबणाऱ्या नायिकेसाठी गोरी अभिनेत्री घेऊन तिला तपकिरी रंग फासण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. त्या रंगावर पावडरीचा थर बसला, की नेमकी हीच चकाकी मरते आणि चेहरा सपाट दिसू लागतो. खरोखरीच सावळी अभिनेत्री निवडावी आणि चित्रीकरणापूर्वीच्या कॅमेरा-चाचणीत तिला एकटीला न बसवता, ज्यांच्यासोबत तिचे प्रसंग आहेत त्या सर्वांना एकाच चौकटीत बसवून प्रकाश ठरवावा.