'जबाबदारीने खेळा' म्हणजे नक्की कुणी? ऑनलाइन रमी, कसिनो आणि 'कौशल्य' या शब्दाची पार्श्वभूमी

रमीच्या जाहिरातीच्या शेवटी जे वाक्य यायचं ते आता सगळ्यांना पाठ झालंय, या खेळात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने आणि स्वतःच्या जोखमीवर खेळा. कायमचंच वाटतं ना, पण ते आहे डिसेंबर 2020 चं. लॉकडाऊनमधे लोक घरी बसले, हातात फोन, आयपीएल यूएईत, आणि दर दुसरी जाहिरात पैसे लावायच्या ॲपची. तेव्हा जाहिरातवाल्यांच्याच स्वनियमन संस्थेने नियम केले आणि केंद्राने चॅनलना ते पाळायला सांगितलं. छापील जाहिरातीत निदान 20 टक्के जागा इशाऱ्याला, अठराच्या आतलं कुणी खेळताना दाखवायचं नाही, हे कमाईचं साधन आहे असं म्हणायचं नाही. इशारा नेहमीच्या बोलण्याच्या वेगात वाचायचा असंही त्यात होतं, ते किती पाळलं गेलं हे ज्याने टीव्ही पाहिला त्याला माहितीय.

पण त्या वाक्यात जबाबदार कोण? खेळणारा. ॲप चालवणाऱ्यावर काय जबाबदारी, हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा आला, कारण हा जुगार आहे हेच मान्य नव्हतं. जुगार नाही तर मग काय? कौशल्य.

या एका शब्दावर सगळं उभं होतं, त्यामुळे तो नीट बघायला हवा. 1867 चा केंद्रीय जुगार कायदा आणि आपल्याकडचा 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, दोन्हीत एक छोटं कलम आहे की केवळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. 1957 साली शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांच्या खटल्यात (वर्तमानपत्रातली कोडी, प्रवेश फी भरून पाठवायची) सुप्रीम कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या. जुगार हा धंदा म्हणून घटनेच्या संरक्षणात येत नाही, आणि ज्यात यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे तो जुगार नाही. म्हणजे 'केवळ' चं झालं 'बऱ्याच अंशी'. मग 1967. सिकंदराबादच्या एका क्लबवर धाड पडली होती, पत्ते आणि पैसे सापडले, प्रकरण वरपर्यंत गेलं. कोर्ट म्हणालं रमी तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही, कुठले पत्ते पडले ते लक्षात ठेवावं लागतं, काय धरायचं काय टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ.

पुढची पन्नास वर्षं सगळे हे एवढंच वाक्य सांगत राहिले. त्याच निकालात पुढे आहे की क्लब किंवा घराचा मालक पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीतून किंवा दुसऱ्या कुठल्या खेळातून नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो. त्या क्लबला सूट मिळाली कारण बिलियर्ड्स किंवा टेनिसला फी घेतात तशी पत्त्यांना माफक फी घेणं म्हणजे नफेखोरी नव्हे, असं कोर्टाचं म्हणणं. आता ॲप काय करत होतं? प्रत्येक डावावर स्वतःचा हिस्सा कापून घेत होतं. ही टेनिस कोर्टाची फी आहे का तुम्हीच सांगा. माझ्या मते निम्मा निकाल वाचून एक अख्खा उद्योग उभा राहिला, पण हेही खरंय की पुढे एकामागून एक हायकोर्टांनी कंपन्यांच्या बाजूनेच कौल दिला, त्यामुळे नुसतं कंपन्यांना बोलून उपयोग नाही. 1996 ला घोड्यांच्या शर्यतीलाही कौशल्य म्हणून मान्यता मिळाली होतीच.

मधल्या काळाचं थोडक्यात. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावायचे, त्यातून साठच्या दशकात मटका आला, तो सगळ्यांना माहितीय. गोव्याने 1976 च्या कायद्यात 1992 ला बदल करून पंचतारांकित हॉटेलात जुगाराची यंत्रं आणली, मग 1996 ला पाण्यावरच्या जहाजांतल्या कसिनोंना परवानगी दिली, आणि फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांनाच कसिनोत खेळायला बंदी (बाहेरच्यांचं नुकसान चालतं, असा अर्थ काढायचा का?). महाराष्ट्राची गंमत वेगळीच, 1976 साली कसिनोचा कायदा केला, तो लागू मात्र कधीच केला नाही आणि 2023 मधे रद्द करायचं ठरलं. दरम्यान फोनवर कसिनो कधीच येऊन बसला होता.

ऑनलाइनचा खरा गोंधळ 2017 नंतरचा. तेलंगणाने बंदी घातली, 2020 ला आंध्रने, मग तामिळनाडू, कर्नाटक. तामिळनाडूची बंदी 2021 ला आणि कर्नाटकची 2022 ला हायकोर्टात पडली, दोन्ही वेळा तेच, कौशल्य. तामिळनाडूने पुन्हा कायदा केला, 2023 ला कोर्टाने कायदा ठेवला पण रमी आणि पोकर (तोही पत्त्यांचाच खेळ) त्यातून काढले. मग 2025 मधे त्यांनी दुसरी वाट धरली, बंदी नको, वेळ बांधा. रात्री 12 ते पहाटे 5 पैशाचा खेळ बंद, आधारने ओळख पटवायची, जास्त वेळ खेळलं की स्क्रीनवर इशारा. जबाबदारी पहिल्यांदा ॲपच्या गळ्यात पडली, आणि हायकोर्टाने हे नियम कायमही ठेवले.

त्याआधी ॲपमधे लिमिट, ब्रेक, स्वतःला बाहेर ठेवणं हे पर्याय नव्हते असं नाही. पण एका ॲपमधे स्वतःला बंद केलं की दुसरं उघडायला दोन मिनिटं लागतात. ब्रिटनमधे एकदा नाव नोंदवलं की परवानाधारक साइट बंद होतात अशी सोय 2018 ला आली, 2020 पासून ती सगळ्या परवानाधारक साइटना सक्तीची आहे, आणि त्याच वर्षापासून क्रेडिट कार्डाने जुगारही बंद. आपल्याकडे त्या काळात कसली चर्चा होती, तर टॅक्सची. ऑक्टोबर 2023 ला खेळात लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला, कसिनो, घोडे, ऑनलाइन सगळ्यांना सारखाच. म्हणजे टॅक्स घेताना कौशल्य आणि नशीब यात फरक उरला नाही.

आणि मग जुलै 2025. विधान परिषदेत बसून एक मंत्री फोनवर रमी खेळतायत असा व्हिडिओ आला, त्यांनी नाकारलं, पण कृषी खातं गेलं आणि मिळालं काय तर क्रीडा. महिन्याभरात संसदेने कायदा केला, 20 ऑगस्टला लोकसभा, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची सही. त्यात व्याख्याच अशी की खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हीचा, पैसे लावून ऑनलाइन असेल तर बंद. 1867 पासून चाललेला शब्द एका ओळीत निकालात काढला. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला तसंच 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या ॲपनी काही दिवसांतच पैशाचे खेळ थांबवले, भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं अशाच एका ॲपचं नावही गेलं. कंपन्या कोर्टात गेल्या आणि वेगवेगळ्या हायकोर्टांतल्या याचिका सुप्रीम कोर्टाने स्वतःकडे घेतल्या.

देशी ॲपबरोबर त्यातली लिमिटची बटणंही गेली. परदेशातल्या बेटांवरचा परवाना दाखवणाऱ्या साइटच्या लिंक मात्र टेलिग्रामवर फिरतातच, आणि त्यांच्या पानाच्या तळाशीही 18 प्लसचा गोल आणि शेजारी बारीक अक्षरात तेच, जबाबदारीने खेळा.