कॅमेऱ्यासाठी मेमरी कार्ड निवडताना

नागपूरच्या बर्डीवरच्या आमच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकाची मागणी बहुतेक वेळा एकच असते: "भाऊ, सगळ्यात फास्ट असन ते कार्ड द्या." आम्ही कार्ड काढण्याआधी दोन गोष्टी विचारतो. कॅमेरा कोणता, आणि त्यावर काढणार काय? ताडोबाला जाणाऱ्याचं कार्ड वेगळं, लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याचं वेगळं, आणि आजोबांनी जपून ठेवलेल्या जुन्या कॅमेऱ्याचं तर फारच वेगळं. कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग तुमच्या कॅमेऱ्याला वापरता येईलच असं नाही. खरा कामाचा आकडा कोपऱ्यात बारीक छापलेला असतो. तो तुमचा तुम्हाला वाचता यावा, यासाठी हे पत्रक.

आधी स्लॉट बघा

बाजारातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना एसडी कार्ड लागतं. ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद, एक कोपरा कापलेला. १९९९ साली हे कार्ड आलं तेव्हापासून बाहेरून ते जवळपास तसंच आहे, आतली व्यवस्था मात्र बदलत गेली. नुसतं 'एसडी' लिहिलेलं कार्ड २ जीबीपर्यंतचं असतं, 'एसडीएचसी' ३२ जीबीपर्यंतचं आणि 'एसडीएक्ससी' त्यावरचं, २ टीबीपर्यंत. नव्या कॅमेऱ्यात जुनं कार्ड सहसा चालतं, जुन्या कॅमेऱ्यात नवं चालेलच असं नाही. एसडीएचसी २००६ साली आणि एसडीएक्ससी २००९ साली आलं, त्यामुळे त्याआधीच्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं कार्ड बसतं अगदी नीट, पण पडद्यावर एरर येते. असे कॅमेरे आमच्याकडे दुरुस्तीला येतात आणि लहान क्षमतेचं कार्ड टाकताच सुरू होतात. कॅमेरा जुना असेल तर पुस्तिकेत ही तीनपैकी कोणती नावं आहेत ते आधी बघा.

वरच्या श्रेणीतल्या काही कॅमेऱ्यांना सीएफएक्सप्रेस कार्ड लागतं. त्यात टाइप ए आणि टाइप बी आकारानेच वेगळी असतात, एकाच्या जागी दुसरं बसत नाही. सोनी ए७ फोरच्या एका स्लॉटमध्ये टाइप ए आणि एसडी दोन्ही चालतात. निकॉन झेड८ आणि कॅनन आर५ मध्ये एक स्लॉट टाइप बीचा, दुसरा एसडीचा.

मोबाइलचं मायक्रोएसडी अ‍ॅडाप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात वापरलं तर काय, असंही विचारतात. अडीनडीला चालतं. पण अ‍ॅडाप्टरमुळे जोडणीची एक जागा वाढते आणि तक्रारी तिथूनच सुरू होतात. ड्रोन किंवा अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला मायक्रोएसडीच लागतं, तिथे प्रश्नच नाही. कार्डावरचं 'ए१', 'ए२' हे फोनमधल्या अ‍ॅप्ससाठी आहे. कॅमेऱ्यासाठी कार्ड घेताना त्याकडे बघू नका.

कार्डावरच्या आकड्यांचा अर्थ

कार्डाच्या मधोमध १७० किंवा २०० एमबी असा ठळक आकडा असतो. हा वाचण्याचा वेग, म्हणजे कार्डातून लॅपटॉपवर फोटो उतरवतानाचा. कॅमेरा कार्डावर लिहितो, आणि लिहिण्याचा वेग जवळजवळ नेहमीच कमी असतो. तो पाकिटाच्या मागे किंवा बारीक अक्षरात सापडतो.

आता कार्डावर रोमन एकचा आकडा, म्हणजे एकच उभी रेघ शोधा. ते यूएचएस-वन कार्ड. यूएचएस म्हणजे कार्ड आणि कॅमेरा यांच्यात डेटा नेण्याची पद्धत. या पद्धतीची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. मग त्यावर २०० कसं छापतात? काही कंपन्या स्वतःची वेगळी पद्धत वापरून त्यापुढे जातात, पण तो वेग त्यांच्याच जुळणाऱ्या रीडरमध्ये मिळतो. तुमच्या कॅमेऱ्यात तेच कार्ड १०४ च्या आतच चालणार. २०० वाचून पैसे मोजलेल्या ग्राहकाला हे नंतर कळतं, आणि त्याची निराशा आम्ही काउंटरवर बघितलेली आहे.

दोन उभ्या रेघा असतील तर ते यूएचएस-टू. ओळखायची सोपी खूण म्हणजे कार्ड उलटं करा. सोनेरी पट्ट्यांची एकच ओळ दिसली तर वन, तिच्याखाली लहान पट्ट्यांची दुसरी ओळ असली तर टू. याची मर्यादा सेकंदाला ३१२ एमबीपर्यंत जाते. पण कॅमेऱ्याच्या स्लॉटमध्ये दुसऱ्या ओळीचे संपर्क नसतील तर हे महागडं कार्ड निमूटपणे यूएचएस-वनच्या वेगाने चालतं. निकॉन झेड५० चा स्लॉट यूएचएस-वनचाच आहे. त्यात टू घालून कॅमेऱ्यात काहीच मिळत नाही, फक्त यूएचएस-टू रीडर असेल तर लॅपटॉपवर फोटो लवकर उतरतात.

तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. व्ही या इंग्रजी अक्षरापुढे ३०, ६० किंवा ९० असा आकडा असतो. व्हिडिओ चालू असताना लिहिण्याचा वेग याच्या खाली येणार नाही, ही त्यामागची हमी: व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी. यू अक्षराच्या आत ३ असेल तरी किमान ३०, आत १ असेल तर किमान १०. गोलात लिहिलेलं १० म्हणजेही किमान १०. ठळक आकडा अनुकूल परिस्थितीतला असतो, हा किमान आकडा सलग लिहितानाचा. आणि व्हिडिओ चालू असताना कार्डाचा वेग पुरला नाही तर रेकॉर्डिंग बंद पडू शकतं.

हा हिशेब घरी करता येतो. कॅमेऱ्याच्या मेनूत व्हिडिओचा दर मेगाबिटमध्ये दिलेला असतो आणि कार्डाचा मेगाबाइटमध्ये, म्हणून आठने भागायचं. ४के व्हिडिओ १०० मेगाबिटवर असेल तर सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे व्ही३० भरपूर झालं. ४०० मेगाबिटवर असेल तर ५० एमबी, तिथे व्ही६० लागतं. नातेवाइकांचे वाढदिवस आणि शाळेचं स्नेहसंमेलन शूट करणाऱ्याला व्ही९० विकणं आम्हाला योग्य वाटत नाही.

जंगलात जाणाऱ्यांसाठी

ताडोबाच्या मोहर्ली किंवा पेंचच्या सिल्लारी गेटमधून आत गेल्यावर वाघ रस्त्यावर येतो तो काही क्षणच, आणि तेव्हा सगळ्यांचं बोट शटरवर दाबलेलंच राहतं. त्या वेळी कॅमेऱ्यात काय होतं ते बघू. २४ मेगापिक्सेलचा एक रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, साधारण २५ ते ३० एमबीचा. सेकंदाला १० फोटो म्हणजे २५० ते ३०० एमबी. कोणतंही यूएचएस-वन कार्ड इतक्या वेगाने लिहू शकत नाही. म्हणून कॅमेरा फोटो आधी आपल्या बफरमध्ये, म्हणजे आतल्या तात्पुरत्या मेमरीत, साठवतो आणि तिथून कार्डावर उतरवतो. बफर भरला की शटर अडखळायला लागतं, मागचा दिवा लुकलुकत राहतो.

समजा तुमच्या कॅमेऱ्याचा बफर ४० रॉ फोटोंचा आहे, म्हणजे जवळपास ११२० एमबी. सेकंदाला ७० एमबी लिहिणाऱ्या कार्डावर तो रिकामा व्हायला १६ सेकंद लागतात, २०० एमबी लिहिणाऱ्या कार्डावर सहाच्या आत. १६ सेकंदांत वाघ रस्ता ओलांडून बांबूत शिरलेला असतो. कॅमेरा यूएचएस-टू घेत असेल आणि तुम्ही जंगलात नेमाने जात असाल, तर वरचे पैसे इथे सत्कारणी लागतात. कॅमेरा यूएचएस-वनचाच असेल तर कार्डावर जास्त खर्च करू नका. बोट दाबून न ठेवता एक-दोन सेकंदांचे तुकडे घ्या, किंवा असे सलग फोटो काढताना रॉ सोडून जेपेगवर या. फाइल लहान, म्हणून बफर उशिरा भरतो.

किती जीबी घ्यायचं

६४ जीबीचं कार्ड लॅपटॉपवर ५९.६ दिसतं, म्हणून फसवणूक झाली असं समजून लोक परत येतात. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. फरक फक्त मोजणीचा, कार्डात खोट नाही. १०० मेगाबिटचा ४के व्हिडिओ तासाला ४५ जीबी खातो, म्हणजे या कार्डावर तो साधारण ८५ मिनिटं मावतो. रॉ फोटो दोन हजारांच्या आसपास. ३२ जीबीच्या कार्डावर फाइली फॅट३२ पद्धतीने मांडल्या जात असल्यामुळे त्यावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. त्याच दराने पाच-सहा मिनिटांतच नवी फाइल सुरू होते. भाषणं किंवा नाटकं शूट करायची तर ६४ च्या खाली येऊ नका.

एकच २५६ घ्यावं की ६४ ची चार? लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांशी यावर आम्ही नेहमी बोलतो. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं एका कार्डावर असणं आम्हाला मान्य नाही. कार्ड गेलं तर अख्खं लग्न गेलं, आणि ते दुसऱ्यांदा लावता येत नाही. दोन स्लॉटचा कॅमेरा असेल तर मेनूत जाऊन दुसरा स्लॉट बॅकअपवर ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिहिला जातो. बऱ्याच जणांचा दुसरा स्लॉट 'पहिलं भरलं की पुढे' यावरच असतो आणि तसा आहे हे त्यांना माहीत नसतं. मात्र दोन्हीकडे लिहिताना वेग हळू कार्डाचा मिळतो, म्हणून दोन्ही सारख्या दर्जाची घ्या.

एका स्लॉटच्या कॅमेऱ्यावर कार्ड बदलत राहणं हाच मार्ग. मारबतीच्या मिरवणुकीत किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर दिवसभर गर्दीत उभं राहणाऱ्यांना आम्ही कार्डाची डबी घ्यायला सांगतो. रिकामी कार्डं सुलटी, भरलेली उलटी. भरलेल्याचं बाजूचं लॉकचं बटणही खाली करा, म्हणजे घाईत तेच परत कॅमेऱ्यात गेलं तरी पुसलं जाणार नाही. कार्ड खिशात सुटं टाकू नका.

नकली कार्ड

मध्यंतरी एका ताईंनी ऑनलाइन घेतलेलं ५१२ जीबीचं कार्ड आणलं. सहलीचे पहिल्या दिवसाचे फोटो व्यवस्थित होते. त्यानंतरच्यांत वरची पट्टी दिसत होती आणि खालचा भाग करडा, आणि पुढचे तर उघडतच नव्हते. कार्ड तपासलं तर आत खरी जागा ३२ जीबीचीही नव्हती. आम्हाला त्यातलं फारसं काही परत मिळवून देता आलं नाही, कारण ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं.

अशा कार्डात लहान क्षमतेची चिप असते आणि तिच्या कंट्रोलरला, म्हणजे कार्डाचं काम चालवणाऱ्या भागाला, खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. कॅमेरा आणि लॅपटॉप त्याच्यावर विश्वास ठेवतात. खरी जागा संपली की पुढचा डेटा हवेत जातो किंवा आधीच्यावर बसतो, आणि एररही येत नाही. म्हणून फॉरमॅट झालं, क्षमता बरोबर दिसली, एवढ्यावर कार्ड खरं ठरत नाही. पाकिटाची छपाई हुबेहूब असू शकते.

खात्री एकाच मार्गाने होते: कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघणं. विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' आणि लिनक्स किंवा मॅकवर 'एफ३' हे मोफत प्रोग्रॅम नेमकं हेच करतात. कार्ड रिकामं असतानाच चालवा. घेतल्या दिवशीच तपासा, परत करायची मुदत हातात असते. बिल मागून घ्या आणि जपून ठेवा. कंपनीची वॉरंटी मागताना ते लागतं. दुसरीकडून घेतलेलं कार्डही आम्ही तपासून देतो.

उन्हाळा, धूळ आणि रोजचा वापर

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. एसडी कार्ड साधारणपणे ८५ अंशांपर्यंत चालेल असं बनवलेलं असतं. कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत मात्र बहुधा ४० अंशांचीच मर्यादा असते, आणि ४के चालू असताना कॅमेरा आतूनही तापतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवू नका. सलग शूटिंगनंतर काढलेलं कार्ड हाताला गरम लागलं तर घाबरू नका, ते साहजिक आहे.

जिप्सीतून परतल्यावर स्लॉटचं झाकण लगेच उघडू नका. आधी कॅमेरा बाहेरून ब्लोअरने झाडा. तोंडाने फुंकर मारली की ओलावा आत जातो. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका, आणि दिवा लुकलुकत असताना कार्ड कधीच ओढू नका. अर्धवट लिहिलेली फाइल आणि कार्डावरच्या फाइलींची बिघडलेली यादी, 'कार्ड करप्ट झालं' अशा कितीतरी तक्रारींच्या मुळाशी एवढंच असतं.

फोटो लॅपटॉपवर आणि आणखी एका डिस्कवर उतरवून झाले, उघडून बघितले, की मगच कार्ड फॉरमॅट करा, आणि ते त्याच कॅमेऱ्यात. कार्डाला कपाट समजून वर्षानुवर्षं फोटो त्यातच ठेवू नका. फ्लॅश मेमरी तशा साठवणीसाठी नसते.

फोटो चुकून पुसले गेले तर

कार्ड तत्क्षणी काढा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. डिलीट किंवा साधं फॉरमॅट केल्यावर बहुधा फक्त यादी पुसली जाते, फोटो जागेवर असतात, आणि नवा फोटो नेमका त्याच जागेवर बसू शकतो. लॅपटॉपने 'फॉरमॅट करू का' विचारलं तर नको म्हणा. 'फोटोरेक' हा मोफत प्रोग्रॅम घरी वापरता येतो. त्यात सापडलेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता दुसऱ्या डिस्कवर ठेवा. जमत नसेल तर कार्ड आहे तसं दुकानात आणा. लॅपटॉपला कार्डच दिसत नसेल तर बिघाड कंट्रोलरचा असू शकतो, आणि त्याला चिप थेट वाचणारी प्रयोगशाळा लागते. ते काम आम्ही करत नाही. अशा वेळी कार्डावर कोणताही प्रयोग न करता आम्ही ते तसंच परत देतो.