पोपटाला मिरची का झोंबत नाही?

‘मिरची चारा, पोपट लवकर बोलायला लागतो’ हा सल्ला विदर्भात गावोगावी ऐकायला मिळतो. पोपट मिरची आवडीने खातो हे खरं, पण बोलण्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. तो थव्यात वाढणारा, सोबत्यांचे आवाज ऐकून शिकणारा पक्षी. पिंजऱ्यात सोबती मिळत नाहीत, मग माणसांचे आवाज उचलतो. (आपल्या रानातला पोपट पकडणं, पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. चिठ्ठी काढणाऱ्या पोपटाला स्वतःचं भविष्य कळलं असतं, तर तो पिंजऱ्यात सापडलाच नसता.)

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरकडे मिरची लाल व्हायला लागली, की थव्यातला एखादा पोपट नीट बघा. गळ्यात काळा-गुलाबी कंठ असेल तर तो वयात आलेला नर. मादीला आणि पिल्लांना कंठ नसतो. एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्या पायात तो मिरची धरतो. दोन बोटं पुढे, दोन मागे, त्यामुळे पकड पक्की. चोचीने साल चिरायची, बी फोडून खायची, उरलेलं खाली टाकायचं. मिरचीचा जाळ बियांत नसतो. बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढुरक्या भागात असतो. म्हणजे हा पठ्ठ्या नेमका सगळ्यांत जहाल भाग चिवडत असतो!

हा जाळ कॅप्सेसिन या रसायनाचा. तिखट ही खरं तर चव नाहीच. आपल्या जिभेतल्या आणि कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. ते पेशीच्या पटलातलं दार. तापमान साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की ते उघडतं, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) आत शिरतात आणि ‘भाजलं’ असा निरोप मेंदूकडे जातो. कॅप्सेसिन या प्रथिनाच्या एका खाचेत बसतं आणि तेच दार थंडीतही उघडतं. सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागेवर, मिरचीचे देठ तोडणाऱ्या बायांचे हात म्हणूनच रात्रभर जळतात, आणि कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नसल्याने नुसतं धुऊन भागत नाही. तेल चोळावं लागतं.

पक्ष्यांतही हे प्रथिन आहे. कोंबडीच्या प्रथिनावरचं संशोधन २००२ साली प्रसिद्ध झालं: उष्णतेने आणि आम्लाने दार उघडतं, कॅप्सेसिनने नाही. प्रथिन ज्यांचं बनतं त्यांतली मोजकी अमिनो आम्लं वेगळी असल्याने खाच जुळत नाही. त्या संशोधनातले डेव्हिड ज्युलियस यांना टीआरपीव्ही-१च्या शोधासाठी २०२१चं नोबेल मिळालं.

मिरचीला यात फायदा काय? तिच्या मूळ घरी, अमेरिकेत, सस्तन प्राणी दाढांनी बी भरडतात, तर फळं गिळणारे पक्षी ती अख्खी विष्ठेतून दूरवर टाकतात. तिखट लागतं ते भरडणाऱ्यांना. आपल्या पोपटाने मात्र पाचेकशे वर्षांपूर्वी, पोर्तुगीज येईपर्यंत, मिरची पाहिलीही नव्हती. पक्षी म्हणून मिळालेली सूट त्याला आयती लाभली, आणि हा तर बी फोडूनच खातो. मिरचीचा सगळा हिशोब चुकवणारा गडी!

आता मोबाईलवर फिरणारा उपाय: पोपट हाकलायला ज्वारीवर मिरचीचा अर्क फवारा. रोही (नीलगाय) किंवा डुकराच्या तोंडाला तो झोंबेल. पोपटाला त्यातली मिरची कळायचीही नाही. चमकत्या फितींनाही थवे काही दिवसांत सरावतात. कणसं हुरड्यात आली, की दिवस उजाडताना आणि कलताना माळ्यावर गोफण घेऊन बसणाराच कामाचा, कारण थवे त्याच वेळी उतरतात.