रिपोर्टमधला हर्पीस आणि पोटातलं बाळ

कागदाला चार घड्या होत्या आणि घडीच्या खाचेत तंबाखूची बारीक पूड अडकली होती. घरी विड्या वळणारी, पाचव्या महिन्यातली एक सून तो कागद घेऊन काउंटरवर आली. सोबत सासूबाई. मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे असे कागद मला रोज दिसतात. या कागदावर दोन ओळी कुणीतरी पेनाने गोल केल्या होत्या. हर्पीस आयजीजी ६.४, पॉझिटिव्ह. हर्पीस आयजीएम १.१८, पॉझिटिव्ह.

"मॅडम, रक्तात नागीण आलीय म्हणं. बाळाला काय हुईल का ओ?"

तिचा आधीचा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला होता. म्हणून यावेळी 'टॉर्च' तपासणी, म्हणजे आईकडून बाळाला लागू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी, लिहून दिलेली. गूगलवर कुणीतरी हर्पीस शोधलं, कुणीतरी त्याचं मराठी नागीण केलं, आणि दोन रात्री घरात कुणाला धड झोप नव्हती.

नागिणीपासूनच सुरुवात करू, कारण आपल्याकडची निम्मी भीती त्या शब्दात आहे. कमरेला वा छातीला पट्ट्यासारखे फोड येऊन आग होते ती नागीण, म्हणजे हर्पीस झोस्टर. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. टॉर्चमध्ये तपासला जातो तो हर्पीस सिम्प्लेक्स. दोघांचं घराणं एक, पण विषाणू वेगळे. रिपोर्टमधल्या हर्पीसचा नागिणीशी काहीही संबंध नाही.

हर्पीस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. टाइप १ बहुतेक वेळा ओठांवर फोड आणतो, टाइप २ जननेंद्रियांवर. ही वाटणी पक्की नाही, टाइप १ खालीही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पन्नाशीखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या अंगात टाइप १ आहे. म्हणजे त्या वयातल्या दर तिघांपैकी जवळजवळ दोघांच्या. टाइप २ चा आकडा १५ ते ४९ वयोगटात सुमारे ५२ कोटी. टाइप १ बहुतेकांना लहानपणीच मिळतो, लाळेतून, कुणीतरी प्रेमाने घेतलेल्या पाप्यातून. एकदा आला की तो मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन बसतो आणि जन्मभर तिथेच राहतो. ताप, थकवा, कडक ऊन असं काही झालं की पुन्हा वर येतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा घोस येतो आणि आपण म्हणतो, उष्णता बाहेर पडली. पुष्कळदा ती उष्णता म्हणजे हाच विषाणू.

हे ऐकताना सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "मला तर दर उन्हाळ्याला येतंय की."

आता आयजीजीची ओळ. आयजीजी ही शरीराची आठवण. विषाणू कधीतरी येऊन गेला आणि शरीराने त्याच्याशी लढणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं बनवली, एवढंच ती सांगते. कधी आला, कुणाकडून आला, अंगावर कुठे आहे, यातलं काहीही ती सांगत नाही. टॉर्चमध्ये बरेचदा दोन्ही प्रकारांची एकत्रित आयजीजी असते, तेव्हा टाइप १ की टाइप २ हेसुद्धा कळत नाही. मला हे जरा जोर देऊन सांगायचं आहे, कारण याच ओळीवरून घरात बाईकडे बोट दाखवलं जातं, नाहीतर नवऱ्याकडे. लहानपणी आजीच्या पाप्यातून आलेला विषाणूही या कागदावर पॉझिटिव्हच दिसतो. चारित्र्याचा निवाडा करण्याची ताकद या तपासणीत नाही.

समोरचा आकडा किती मोठा यावरून आजार किती हेही ठरत नाही. ६.४ म्हणजे १.५ च्या चौपट आजार असं काही नसतं. मात्र लहान आकड्याला एक वेगळा अर्थ आहे. प्रकारनिहाय तपासणीत टाइप २ चा आकडा १.१ आणि ३ यांच्या मधे आला, तर तो चुकीचा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच असते. दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घेतल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. उलट बाजूने, संसर्ग नुकताच झाला असेल तर प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडे लागतात, काहींना तीन महिने. तेवढ्या काळात निगेटिव्ह आलेला रिपोर्ट फसवा असू शकतो.

राहिली आयजीएम, जिने तिची खरी झोप उडवली होती. हीसुद्धा प्रतिपिंडंच, पण संसर्गानंतर लवकर बनणारी. म्हणून पुस्तकात लिहिलेलं असतं की आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग. हर्पीसच्या बाबतीत हे चालत नाही. जुना विषाणू पुन्हा वर आला तरी आयजीएम दिसू शकते, दोन प्रकारांतला फरक तिला कळत नाही, आणि हर्पीस नसतानाही दुसऱ्या विषाणूमुळे ती पॉझिटिव्ह येते. म्हणून अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी हर्पीससाठी आयजीएम वापरू नका असंच सांगते.

हे मी तिला छाटावरून समजावलं. विड्यांचा माल दिला की तपासणारा त्यातल्या सैल, फाटक्या विड्या बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात. समजा हजार विड्यांत खरोखर खराब अशा पाचच आहेत. तपासणारा त्या पाचही पकडतो. पण हात इतका कडक की दर शंभर चांगल्या विड्यांतल्या तीन तो उगाच बाजूला टाकतो. ९९५ चांगल्यांतल्या साधारण तीस छाटात गेल्या. छाटात एकूण पस्तीस, आणि त्यातल्या तीस चांगल्या! हे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, पण गणित खरं आहे. जी गोष्ट मुळात कमी जणींना असते ती सरसकट सगळ्यांत शोधली, की पॉझिटिव्हच्या ढिगात निरोगी बायकाच जास्त सापडतात. छाटाचं नाव काढताच ती मान हलवायला लागली. चांगल्या विड्या छाटात गेल्याचं दुःख तिच्या रोजच्या ओळखीचं होतं.

मग बाळाला धोका कधी असतो? नवजात बाळाचा हर्पीस दुर्मिळ आहे, जगभरात दहा हजार जन्मांमागे साधारण एक. पण झाला तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो, जीवही घेऊ शकतो, म्हणून त्याला हलक्यात घेता येत नाही. बहुतेक बाळांना तो बाळंतपणाच्या वेळी, जन्ममार्गातून येताना लागतो. कळीचा प्रश्न असा की आईला जननेंद्रियांवरचा हर्पीस पहिल्यांदा कधी झाला. तो आयुष्यात पहिल्यांदाच, बाळंतपणाच्या अगदी तोंडावर झाला असेल तर बाळाला लागण्याची शक्यता ३० ते ५० टक्के. जुनाच असेल आणि अधूनमधून उलटत असेल तर एक टक्क्याहून कमी. एवढा फरक का? जुन्या संसर्गात आईची आयजीजी वारेतून बाळाच्या रक्तात आधीच पोहोचलेली असते. ती शिदोरी घेऊनच बाळ बाहेर येतं. शेवटच्या आठवड्यांत पहिला संसर्ग झाला तर शिदोरी बांधायला वेळच मिळत नाही.

म्हणजे तिला घाबरवणारी ती ६.४ ची ओळ बहुधा तिच्या बाळाच्या बाजूचीच होती.

गर्भपाताचं काय? वारंवार होणाऱ्या गर्भपातासाठी सरसकट टॉर्च करणं बंद करावं, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०११ मध्येच लिहिलं. 'टॉर्च' हे नाव १९७१ साली आंद्रे नाहमियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं, ते बाळाला पोटात किंवा जन्मताना होणाऱ्या, दिसायला सारख्या संसर्गांची मोट बांधण्यासाठी, गर्भपाताचं कारण शोधण्यासाठी नव्हे. काहीच त्रास नसलेल्या गरोदर बाईची हर्पीससाठी रक्ततपासणी करू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१६ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. आपल्याकडे मात्र पहिल्याच भेटीत टॉर्च लिहून देण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. रोजावर जगणाऱ्या घरातून त्याचे पैसे जातात, आणि वर काळजी पदरात पडते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तपासणी अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही. नवऱ्याला जननेंद्रियांचा हर्पीस आहे आणि बायकोला कधीच काही झालेलं नाही, अशा जोडप्यात प्रकारनिहाय आयजीजीचा उपयोग होतो. ती निगेटिव्ह आली तर शेवटच्या तीन महिन्यांत संबंध टाळायचे, मुखमैथुनसुद्धा, कारण ओठावरचा टाइप १ तसाही लागतो. गरोदरपणात खाली पहिल्यांदाच फोड आले तर त्याच दिवशी दाखवायचं. ताज्या फोडाचा स्वॅब घेऊन केलेली, विषाणूच शोधणारी पीसीआर तपासणी रक्तापेक्षा कितीतरी नेमकं उत्तर देते. फोड वाळून खपली धरली की ती संधी हातची जाते.

पूर्वी कधी असे फोड आले असतील तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना सांगावं, सासूसमोर नको असेल तर एकटीने. अशा बाईला साधारण ३६व्या आठवड्यापासून असायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या देतात. कळा सुरू झाल्या की डॉक्टर नीट तपासून पाहतात. फोड दिसले किंवा फोड येण्याआधीची आग, ठणका जाणवत असेल तर सिझेरियन, नसेल तर नेहमीसारखं बाळंतपण. नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून सिझेरियन करायची गरज नसते. अंगावर पाजायलाही हरकत नाही, स्तनावरच फोड असेल तर तेवढी बाजू सोडून.

तिला खाली कधीच काही झालेलं नव्हतं, हे तिने सासूबाई पाणी प्यायला गेल्यावर हळूच सांगितलं. रिपोर्ट पुन्हा करायचा का, असं विचारलं. मी नको म्हटलं आणि हेच सगळं तिच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं.

सासूबाई परत आल्या तेव्हा एक गोष्ट त्यांच्याशीच बोलायची होती. थोड्या बाळांना हा विषाणू जन्मानंतर, घरच्या माणसाच्या ओठावरून लागतो. पहिल्या महिन्यात तर बाळाकडे स्वतःचं बळ फारच थोडं असतं. ओठावर फोड असताना बाळाचा पापा घ्यायचा नाही, फोडाला हात लागला की साबणाने धुवायचा. आणि त्या दिवसांत बाळाला ताप आला, ते दूध ओढेना, मलूल पडलं, झटका आला किंवा अंगावर पाणीदार फोड दिसले, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठायचा. वेळेत शिरेतून असायक्लोव्हिर सुरू झालं तर बाळ वाचण्याची शक्यता खूप वाढते, दोन ते तीन आठवडे ते द्यावं लागतं.

सासूबाईंनी बोटांवर महिने मोजले. बाळ मेमध्ये येणार होतं, नेमकं त्यांचे फोड येण्याच्या दिवसांत. थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मग सुनेच्या हातातला कागद घेऊन पुन्हा त्याच घड्यांवर दुमडला आणि कमरेच्या पिशवीत ठेवत म्हणाल्या, "फोड असला तर मी लांबूनच बघीन त्येला. पायाचा पापा घेतला तर चालतंय का ओ?"

फोड पूर्ण बरा होईपर्यंत तोही नको, असं मी सांगितलं.